बीप टेस्ट एक मिनिटाची, संदर्भ दोन मिनिटांचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शारीरिक शिक्षणात पीएचडी करणाऱ्या एका प्राध्यापिकेचा विषय आहे महाविद्यालयीन खो-खोपटू मुलींवर आठ आठवड्यांच्या 'टाबाटा' प्रशिक्षणाचा (वीस सेकंद जोरात व्यायाम, दहा सेकंद विश्रांती, अशा फेऱ्यांचा) होणारा परिणाम. प्रबंधात २१२ संदर्भ आहेत, एपीए पद्धतीने (मजकुरात आडनाव आणि वर्ष), अगदी स्वल्पविरामासकट तपासलेले. प्रबंधातून काढलेला पेपर मात्र जर्नलकडून परत आला आणि परीक्षकाचा शेरा एका ओळीचा: 'संदर्भ विधानांना आधार देत नाहीत.' त्या विचारतात, आणखी किती संदर्भ घालू? व्हँकुव्हर पद्धत (मजकुरात फक्त क्रमांक) वापरली असती तर चाललं असतं का? जुने संदर्भ चालतात का? आणि खो-खोच्या जुन्या प्रशिक्षकांकडून ऐकलेल्या गोष्टींचा संदर्भ कसा द्यायचा?

बाई, एकही नवा घालू नका. उलट साठ-सत्तर काढावे लागतील.

पद्धतीचं आधी उरकून घेते, कारण त्यात बोलण्यासारखं फार नाही. एपीए की व्हँकुव्हर, हे ज्याचं त्याचं जर्नल सांगतं. 'जर्नल ऑफ स्पोर्ट्स सायन्सेस'ला नाव-वर्ष लागतं, 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'ला क्रमांक लागतात. 'जर्नल ऑफ स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग रिसर्च'ने तर बरीच वर्षं क्रमांकही मागितले आणि यादी आडनावांच्या वर्णानुक्रमानेही मागितली, त्यामुळे मजकुरातला पहिला संदर्भ ३७ क्रमांकाचा असायचा. हे सगळं झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकटात आणि दोन क्लिकमध्ये बदलून देतं. स्वल्पविरामासाठी आजवर कुणाचा पेपर परत आल्याचं मला माहीत नाही. मी स्वतः जर्नल्ससाठी पेपर तपासते, तेव्हा यादी शेवटी बघते. आधी बघते ते 'पद्धती' हे प्रकरण, आणि त्यातही चाचण्यांची नावं.

तुमच्या पेपरमध्ये वाक्य आहे: 'व्हीओटू मॅक्सचे मापन २० मीटर शटल रन चाचणीने करण्यात आले (लेजे आणि लँबर्ट, १९८२).' व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं ते. आणि ही शटल रन म्हणजेच बीप टेस्ट: बीपच्या तालावर २० मीटर जा-ये धावायची (दर २० मीटरचं एक शटल), आणि दर टप्प्याला, म्हणजे लेव्हलला, वेग वाढतो. या एका वाक्यापाशी जरा थांबू या, कारण परीक्षकाचा सगळा शेरा याच्यात आहे.

लुक लेजे आणि लँबर्ट यांचा १९८२ चा पेपर आहे, खरा आहे, मॉन्ट्रियलचा आहे. पण त्यात प्रत्येक टप्पा दोन मिनिटांचा होता. तुम्ही मैदानावर मोबाइलला स्पीकर जोडून जी ऑडिओ फाइल लावलीत, तिच्यात दर मिनिटाला लेव्हल बदलते. एक मिनिटाची चाचणी लेजे यांनीच मर्सिए, गादूरी आणि लँबर्ट यांच्यासोबत १९८८ साली मांडली. तिची सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरने, आणि दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वाढ. म्हणजे तुम्ही केली एक चाचणी आणि नाव दिलंत दुसरीचं. बरं, नुसतं १९८२ खोडून १९८८ लिहिलं की झालं, असंही नाही. त्या पेपरमध्ये सूत्रं दोन आहेत. एक ८ ते १९ वयाच्या १८८ मुलामुलींवरून काढलेलं, त्यात वेगाबरोबर वयही धरावं लागतं. दुसरं ७७ प्रौढांवरून काढलेलं, त्यात फक्त शेवटच्या टप्प्याचा वेग लागतो. मुलांच्या सूत्राचा प्रत्यक्ष मापनाशी सहसंबंध ०.७१, प्रौढांच्या सूत्राचा ०.९०.

आता तुमची एक खेळाडू घ्या, वय १८, आठवी लेव्हल पुरी केली. वेग झाला ताशी १२ किलोमीटर. प्रौढांच्या सूत्राने सहा गुणिले बारा वजा २४.४, म्हणजे ४७.६. मुलांच्या सूत्राने तीच मुलगी येते ४४.६ वर. मुलगी तीच, मैदान तेच, लेखकही तेच, आणि फरक तीन मिलिलिटरचा. तुमच्या प्रबंधात प्रशिक्षणानंतरची सरासरी वाढ किती आहे? ३.४. आलं ना लक्षात?

आणि तिसरी शक्यता आहे, तीच बहुधा तुमच्या बाबतीत घडली असावी. आपल्याकडे कॉलेजांत लेव्हल आणि शटलवरून थेट व्हीओटू मॅक्स वाचायचा जो तक्ता झेरॉक्स होत होत फिरतो, तो या दोन्ही सूत्रांचा नसतोच पुष्कळदा. तो रॅम्सबॉटम, ब्रूअर आणि विल्यम्स यांचा असतो, १९८८ चाच, पण इंग्लंडमधला, ३६ पुरुष आणि ३८ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचा. ब्रिटनमधल्या कॅसेटमध्ये पहिला टप्पाही वेगळ्या वेगाचा होता, ताशी ८ चा. तेव्हा वाक्य असं लिहा: कोणती ध्वनिफीत वापरली, पहिल्या टप्प्याचा वेग किती, टप्पा किती मिनिटांचा, खेळाडू बाद कधी धरली, आणि आकडा कोणत्या सूत्राने किंवा तक्त्याने काढला. या प्रत्येक गोष्टीपुढे तिचा तिचा संदर्भ. एका वाक्याची चार होतील. होऊ देत. परीक्षकाला तेच हवंय.

इतिहासाच्या प्रबंधात संदर्भ चुकला तर वाचकाला पान सापडत नाही. आपल्या विषयात संदर्भ चुकला तर आकडाच बदलतो, कारण आपला बहुतेक संदर्भ हा मोजपट्टीचा संदर्भ असतो. स्किनफोल्डचं, म्हणजे कातडीच्या घडीची जाडी मोजण्याचं घ्या. 'शरीरातील चरबीचे प्रमाण काढण्यात आले (सिरी, १९६१)' असं मी किती प्रबंधांत वाचलं असेल, मोजदाद नाही. सिरीचं सूत्र शरीराच्या घनतेवरून चरबी काढतं, ४९५ भागिले घनता वजा ४५०. पण तुम्ही घनता कुठे मोजलीत? तुम्ही कॅलिपरने चार जागच्या घड्या मोजल्यात. घड्यांवरून घनतेकडे नेणारं सूत्र वेगळं, आणि ते ड्युर्निन आणि वोमर्स्ली यांचं असेल तर ते १९७४ साली ग्लासगोत ४८१ माणसांवर काढलेलं आहे. मग तो संदर्भ कुठे गेला? मधली पायरी गाळली, आणि ज्यांचं काम प्रत्यक्षात वापरलं ते यादीत नाहीतच. हे लिहिताना ओघाने आणखी एक वाक्य येतं, की हे सूत्र स्कॉटलंडमधल्या लोकांवरचं आहे आणि आमच्या खेळाडू मराठवाड्यातल्या आहेत, म्हणून आकडे आपसांत तुलनेपुरतेच घ्यावेत. ते वाक्य मर्यादांच्या प्रकरणात टाका. परीक्षक खूश होतो, आणि ते खरंही आहे.

आता 'टाबाटा'. तुमच्या शीर्षकातच हा शब्द आहे, म्हणून इथे सूट नाही. इझुमी टाबाटा आणि सहकाऱ्यांचा पेपर १९९६ चा, 'मेडिसिन अँड सायन्स इन स्पोर्ट्स अँड एक्सरसाइज'मधला. पूर्ण वाचलात का? सारांश नव्हे, पूर्ण. त्यात तरुण पुरुष सायकल अर्गोमीटरवर (काम मोजणाऱ्या, जागच्या जागी चालवायच्या सायकलवर) बसले होते. वीस सेकंद काम, दहा सेकंद विश्रांती, आणि कामाची तीव्रता व्हीओटू मॅक्सच्या १७० टक्के. सात-आठ फेऱ्यांत माणूस पार संपतो, पुढची फेरी मारताच येत नाही, अशी. आठवड्यातले चार दिवस हे, आणि पाचव्या दिवशी अर्धा तास ७० टक्के तीव्रतेचं सलग काम आणि त्यानंतर चारच फेऱ्या. असं सहा आठवडे. एका गटात माणसं किती? सात. त्यांचा व्हीओटू मॅक्स सुमारे ७ मिलिलिटरने वाढला आणि अॅनेरोबिक क्षमता (ऑक्सिजनच्या मदतीशिवाय ऊर्जा देण्याची क्षमता) २८ टक्क्यांनी.

तुम्ही मुलींकडून बर्पी, स्क्वॉट जंप आणि माउंटन क्लाइंबर करून घेतलेत, वीस-दहाच्या हिशेबाने, आठ फेऱ्या. छान आहे, मीही करून घेते. पण यातलं १९९६ च्या पेपरमधून आलं ते फक्त घड्याळ. १७० टक्के तुम्ही मोजले नाहीत, बर्पीत मोजता येतही नाहीत. म्हणून 'टाबाटा प्रशिक्षणामुळे अॅनेरोबिक क्षमता २८ टक्क्यांनी वाढते (टाबाटा व इतर, १९९६)' हे वाक्य जसंच्या तसं उभं राहत नाही. कोणाची वाढली, कशावर वाढली, किती जणांची, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे. आणि तुमच्या कार्यक्रमाला 'टाबाटाच्या वेळापत्रकावर बेतलेले स्व-वजनाचे व्यायाम' म्हणा. शीर्षक लांबेल, पण खोटं ठरणार नाही.

मुलींचा मुद्दा वेगळा काढते. तुमच्या प्रस्तावनेतले संदर्भ मी चाळले. पहिल्या दोन पानांवरचे बहुतेक अभ्यास पुरुषांवरचे आहेत, आणि एकाही ठिकाणी तसं लिहिलेलं नाही. कूपरचा १२ मिनिटांच्या धावण्याचा १९६८ चा पेपर अमेरिकन हवाई दलातल्या ११५ पुरुषांवरचा आहे. त्यातला ०.८९७ हा सहसंबंध तुम्ही 'चाचणीची सप्रमाणता' (जे मोजायचं तेच चाचणी मोजते का) म्हणून दिलाय, जणू तो चाचणीला जन्मतः चिकटलेला गुण आहे. तो त्या ११५ पुरुषांपुरता आहे. हा दोष तुमच्या एकटीचा नाही. काउली आणि सहकाऱ्यांनी २०१४ ते २०२० मधले सहा क्रीडाविज्ञान जर्नल्समधले ५,२६१ पेपर तपासले, तेव्हा सहभागींत स्त्रिया ३४ टक्के निघाल्या आणि फक्त स्त्रियांवर केलेले अभ्यास अवघे ६ टक्के. साहित्यच असं तोकडं असेल तर तसं लिहा. 'महिला खो-खोपटूंवर यापूर्वीचे अभ्यास अत्यल्प आहेत' हे वाक्य प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) असतंच. त्याच्या पाठीशी तुम्ही कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणते शब्द घालून, कधी शोधलंत, हे दिलंत की ते वाक्य ठोकळेबाज राहत नाही.

जुने संदर्भ चालतात का? चालतात, धावतात सुद्धा, फक्त ते तुम्ही उघडून बघितलेले असावेत. 'गेल्या पाच वर्षांतलेच संदर्भ द्या' असं काही मार्गदर्शक सांगतात, ते मला पटत नाही. सार्जंटची जागेवरून वर मारायची उडी १९२१ ची आहे, तिला १९२१ चाच संदर्भ लागणार. अडचण जुनेपणाची नसून ऐकीवपणाची असते. सर्वात नामांकित उदाहरण २२० वजा वय, म्हणजे हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती याचं सूत्र. जगातल्या निम्म्या जिममध्ये भिंतीवर हे सूत्र असेल. पेपरमध्ये ते कार्व्होनेनच्या नावावर खपवलं जातं, अॅस्ट्रँडच्या नावावर खपवलं जातं, नाहीतर एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या. रॉबर्ग्स आणि लँडवेअर यांनी २००२ साली माग काढत काढत ते फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या १९७१ च्या लेखापर्यंत नेलं, आणि तिथे मूळ प्रयोग नव्हताच. इतरांच्या आकडेवारीचा आलेख होता आणि त्यावरून नजरेने काढलेली एक अंदाजी रेघ. तीस वर्षं एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने लिहिलं. टनाका, मोनाहन आणि सील्स यांनी २००१ मध्ये ३५१ अभ्यास एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं. वीस वर्षांच्या मुलीला पहिलं २०० देतं, दुसरं १९४. चाळिशीला दोन्ही १८० वर जुळतात, आणि साठीत पारडं फिरतं, १६० आणि १६६. तुमच्या वयोगटात सहा ठोक्यांचा फरक आहे, आणि प्रशिक्षणाची तीव्रता तुम्ही त्यावरच ठरवली आहे.

मूळ लेख मिळालाच नाही तर? मग 'अमुक यांनी उद्धृत केल्यानुसार' असं सरळ लिहा आणि यादीत जे तुमच्या हातात आहे त्याचंच नाव द्या. यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न बघितलेला १९५७ चा फिनिश पेपर बघितल्यासारखा दाखवण्यात. मला हे कळतं कसं, विचाराल तर पान क्रमांकावरून. एका पाठ्यपुस्तकात आवृत्तीगणिक चालत आलेली पान क्रमांकाची चूक सतरा प्रबंधांत जशीच्या तशी आढळली, की कोण कोणाचं बघून लिहितंय हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, मी हळूच विचारते, 'हा लेख फार आवडला मला, त्यातला दुसरा तक्ता काय होता?' पुढची पाच मिनिटं फार वाईट जातात, दोघांचीही.

मोठी माणसंही यात अडकतात. 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'ने २०२२ साली आपल्याच एका माजी संपादकाचे अनेक लेख मागे घेतले. त्यातल्या अनेकांचं कारण दुसऱ्यांचा मजकूर उचलणं. पण एका लेखाचं कारण तुमच्या शेऱ्याच्या अगदी जवळचं आहे: डोक्याला मार लागलेल्या खेळाडूंनी खेळणं कधी थांबवावं, याबद्दल ऑगस्टस थॉर्नडाइक यांनी १९५२ साली केलेली शिफारस चुकीची उद्धृत केली होती. मूळ लेख कुणी उघडून बघेपर्यंत वीस वर्षं गेली. त्यामुळे यादी पक्की करण्याआधी प्रत्येक संदर्भ अजून उभा आहे की मागे घेतला गेलाय, हेही बघायचं. झोटेरो असे लेख लाल पट्टीने दाखवतं, तेवढं तरी वापरा.

तुमच्या यादीतल्या ४१ नोंदी अशा जर्नल्समधल्या आहेत, जिथे पेपर सोमवारी पाठवला की शुक्रवारी छापून येतो. शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी निघालेली ही दुकानं. २०१८ मध्ये पुण्यातल्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ जर्नल्सची छाननी केली, त्यात ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाली. त्यानंतर यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नल्सची, यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती बंद केल्याचंही जाहीर झालं. म्हणजे आता चाळणी तुमच्याच हातात. माझी चाळणी साधी आहे: पद्धती वाचून मला तो प्रयोग उद्या माझ्या मैदानावर करता येईल का? येत नसेल तर त्या पेपरचा आकडा मी घेत नाही. वगळायच्या साठ-सत्तरात हे ४१ पहिले.

बाकीच्यांमध्ये तीन नोंदी मला सापडल्याच नाहीत. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकला तर एक माशांच्या खाद्याच्या पेपरवर जातो, दोन कुठेच जात नाहीत. लेखकांची नावं ओळखीची, जर्नल खरं, शीर्षक अगदी हवं तसं, पण असा लेखच नाही. चॅटबॉटला संदर्भ मागितलेत, हो ना? मागा खुशाल, पण मिळालेली प्रत्येक ओळ उघडून बघितल्याशिवाय यादीत जाता कामा नये. न लिहिलेल्या पेपरचा संदर्भ देणं, याला विद्यापीठाच्या समितीपुढे कोणतंच स्पष्टीकरण चालत नाही.

साहित्यचौर्याच्या अहवालाबद्दल एकच सांगते, कारण तुम्ही 'माझं साम्य फक्त सात टक्के आहे' असं लिहिलंय. २०१८ च्या यूजीसी नियमांत दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, हे खरं. पण ते यंत्र शब्द जुळवतं. सिरीच्या जागी ड्युर्निन हवा होता, हे त्याला कळत नाही. ते सात टक्के आणि परीक्षकाचा शेरा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता मला आवडणारा प्रश्न, तोंडी माहितीचा. खो-खोतली पोल मारणं, खांबावरून सूर मारण्याचे प्रकार, साखळी पद्धतीने पळतीचा बचाव, याबद्दल आपल्याकडच्या जुन्या प्रशिक्षकांना जे माहीत आहे त्यातलं फार थोडं छापलं गेलंय. तुम्ही ज्या निवृत्त क्रीडाशिक्षकांशी बोललात, त्यांचं म्हणणं 'व्यक्तिगत संभाषण' म्हणून मजकुरात नाव आणि तारखेसह येऊ शकतं. एपीएत ते शेवटच्या यादीत जात नाही, कारण वाचकाला ते शोधून काढता येणार नाही. त्यांची परवानगी मात्र लेखी घ्या. आणि अशा दहा जणांशी बोलला असाल तर ते संभाषण म्हणून उरकू नका, रीतसर मुलाखती म्हणून पद्धतीत आणा, मग तो तुमचा स्वतःचा विदा (डेटा) झाला. मराठी पुस्तकं आणि महासंघाच्या नियमपुस्तिका यांचं शीर्षक रोमन लिपीत लिहून पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्यायचा. नियमपुस्तिकेचं वर्ष विसरू नका. खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बसवायला घेतले तेव्हापासून किती वेळा बदलले, आणि डावाचा वेळ बदलला की तुमच्या काम-विश्रांतीच्या गुणोत्तराचा सगळा युक्तिवाद बदलतो. मी एका पेपरमध्ये नऊ मिनिटांच्या डावावर बेतलेलं प्रशिक्षण आणि सात मिनिटांच्या डावाचे सामने एकत्र बघितलेत.

पेपर पुन्हा पाठवण्याआधी यादीला हात लावू नका. पद्धतीचं प्रकरण घ्या, पेन्सिलीने प्रत्येक आकड्याखाली रेघ मारा, आणि तो आकडा कोणाच्या कामातून आला ते समासात लिहा. जिथे नाव सुचणार नाही तिथे संदर्भ कमी आहे. जिथे नाव आहे पण आकडा नाही, तिथला बहुधा काढता येईल. मग मैदानावरची ती वही शोधा, जिच्यात तुमच्या सहायकाने प्रत्येक मुलीची लेव्हल आणि शटल लिहिली होती, व्हीओटू मॅक्स काढण्याआधीची. त्यावरून १९८८ च्या दोन्ही सूत्रांनी आणि त्या झेरॉक्स तक्त्याने, तिन्ही प्रकारे आकडे काढून बघा. वाढ तिन्हीत टिकली तर तो तक्ता परीक्षकाला उत्तरासोबत पाठवा. नाही टिकली तर आधी मला कळवा, आपण लेव्हल-शटललाच मुख्य माप धरून विश्लेषण पुन्हा करू.